दहा मिनिटांची फेरी

“तुमच्या मागं बसलो तर चालेल का?” असं त्यानं विचारलं, तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी पाण्याकडे पाहत होते.

तारकर्लीची जानेवारीतली सकाळ. समोर लाल-पांढरी जेट स्की गुडघाभर पाण्यात डुलत होती आणि तिच्या पलीकडे नुसतं पाणीच पाणी... आभाळाला टेकेपर्यंत. माझ्या अंगात दमट, खारट वासाचं नारिंगी जॅकेट होतं.

मी कवठे महांकाळकडची. टँकर येईल त्या दिवशी आंघोळ, अशा वाडीत वाढलेली. पोहायला शिकायचं तर आधी पाणी लागतं ना! पुढे सांगलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि पहिल्याच पावसाळ्यात कृष्णा आमच्या गल्लीत शिरली. दोन दिवस मी गच्चीवर बसून जिन्याच्या पायऱ्या मोजत होते. आता सात उरल्या... आता पाच... तेव्हापासून खोल पाणी दिसलं की भीती माझ्या पोटऱ्यांतून वर चढू लागते.

तरी मी आले होते, कारण लॅबच्या संयोगिता मॅडमनी हट्ट धरला होता. “दहा मिनिटांची फेरी गं समीक्षा. मी आहे ना मागं!” आणि जॅकेट चढवून झाल्यावर त्याच मॅडम वाळूत मागे सरकल्या. “माझं बीपी वाढतंय बहुतेक. तू जा.”

जेट स्की चालवणाऱ्या दादांना घाई होती. “भरती इली काय बंद करुचा लागता,” ते म्हणाले. “हे सायबपण एकटेच आसत. दोघांका एकदमच नेतंय.”

ते साहेब म्हणजे तो. पंचविशी ओलांडलेला, उंच, उन्हात रापलेला. वाळूवर त्याचे दोस्त शिट्ट्या मारत होते आणि तो हसत होता. पण त्याची बोटं जॅकेटच्या बक्कलशी झटापट करत होती आणि बक्कल काही लागत नव्हतं.

“उलटं लावताय,” मी म्हणाले.

“आं?”

“बक्कल. उलटं आहे.”

त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं झालं सांगितलं. वर गेल्यावर देवानं विचारलं असतं, बक्कलसुद्धा लावता येत न्हाई व्हय तुला?”

मला हसू आलं नाही. आता आठवलं की येतं.

दादा पुढे, मधे मी, मागे तो. मी दादांच्या जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी आवळला. त्यांनी मनगटातली, इंजिनला जोडलेली लाल दोरी तपासली, “घट्ट धरा हां,” म्हणाले आणि पुढच्या क्षणी किनारा मागे पळाला.

मी डोळे मिटून घेतले होते. जेट स्की लाटेवर चढायची, हवेत जायची आणि धप्पकन आपटायची. दर आपटण्याला माझे दात एकमेकांवर वाजायचे. पाणी तोंडावर चाबकासारखं बसत होतं. मी मनात मायाक्कादेवीला म्हणत होते, फक्त दहा मिनिटं सांभाळ. मग दादांनी एक जोरदार वळण घेतलं, आणि मागून अर्धवट हाक आली... अर्धवटच.

मी वळून पाहिलं. सीट रिकामी.

“दादा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. “दादा, मागचा माणूस नाही!”

त्यांनी वेग कमी करून जेट स्की वळवली. लांबवर लाटांत एक नारिंगी ठिपका दिसला... दिसेनासा झाला... पुन्हा दिसला. ज्याचं नावही मला ठाऊक नव्हतं, त्याच्यासाठी मी तोवर माझ्या माणसांसाठीसुद्धा मागितलं नव्हतं इतक्या कळकळीनं देवाकडे मागत होते.

जवळ जाऊन दादांनी इंजिन बंद केलं. “हात देवा त्येंका. मी तोल सांभाळतंय.”

मी? ज्या पाण्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, त्याच्यावर मी सीटवर पालथी पडून ओणवी झाले. खाली हिरवंकाळं पाणी हलत होतं. मी हात पुढे केला. त्यानं तो पकडला. त्याचा हात थंडगार होता.

तो कसाबसा वर आला, खोकला, खारं पाणी ओकला आणि मान खाली घालून बसला. ओठ पांढरे पडलेले.

“धरलं का नाहीत?” मी ओरडलेच त्याच्यावर. का कुणास ठाऊक, राग आला होता.

“कशाला धरायचं?”

“कशाला म्हणजे? मला!”

तो दम खात म्हणाला, “वळख... वळख न्हवती.”

मी बघतच राहिले. इतका घाबरलेला माणूस, आणि ओळख नाही म्हणून हात लावला नाही! मला तेव्हा, तिथं, सगळ्या समुद्राच्या मधोमध हसू फुटलं. आणि रडूही.

दादांनी बटण दाबलं. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. “जाळ्याचो तुकडो गेलो वाटता आत,” ते म्हणाले आणि एक दोर कमरेला बांधून पाण्यात उतरले. “घाबरा नको.”

घाबरू नका म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी झाली होती आणि आम्ही हळूहळू, अगदी हळूहळू आणखी लांब चाललो होतो. खालून दादांच्या सुरीचा आवाज येत होता.

“बोला काहीतरी,” मी म्हणाले. “गप्प बसलात तर मला पाणी ऐकू येतं.”

“काय बोलू?”

“काहीही. पोहता येतं?”

“न्हाई.” थोडं थांबून तो म्हणाला, “आमच्या रानात मोठी विहीर हाय. गावातली सगळी पोरं तिच्यात उड्या मारायची. मी काठावर बसून त्यांची कापडं राखायचो.”

“मग आज कशाला आलात?”

“दोस्त म्हणाले, भ्याला. आता किनाऱ्यावर गेलो की सांगतो, व्हय गड्यांनो, लय भ्यालो.”

मग मी त्याला सांगलीतल्या लॅबबद्दल आणि त्या गच्चीबद्दल सांगितलं. जिन्याच्या पायऱ्यांबद्दल. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही; उगाच नोकरी सोडून ये म्हणाले असते. मी थांबले तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “शेवटी किती उरल्या होत्या?”

“तीन.”

“तीनवर थांबलं,” तो म्हणाला. “थांबतं म्हणजे.”

वीस-पंचवीस मिनिटांनी दादा वर आले आणि इंजिन सुरू झालं. मी मागे न वळता म्हणाले, “आता धरा.”

“वळख झाली?”

“नाव सांगा, मग होईल.”

“राजवर्धन. रहिमतपूर. उसाच्या रोपांची नर्सरी हाय.”

“समीक्षा. आता धरा.”

जॅकेटवरूनच त्यानं धरलं, काच उचलावी तसं. परतीच्या वाटेवर मी डोळे मिटले नाहीत. भीती होतीच... पण आता दोघांत वाटलेली होती.

किनाऱ्यावर आरडाओरडा, शिट्ट्या, मोबाईल. मी तडक खोलीवर गेले. त्याचा नंबर घेतला नाही. माझा दिला नाही.

चार दिवसांनी लॅबच्या फोनवर माझ्यासाठी फोन आला.

“मी राजवर्धन बोलतोय. सांगलीतल्या अकरा लॅबला फोन केला, ही बारावी,” तो म्हणाला. “माफी मागायची होती. रविराज म्हणून दोस्त हाय माझा. आपण परत आलो तवा त्यानं व्हिडिओ काढला आणि स्टेटसला लावला. वर ‘वहिनी सापडली’ असं लिहून. मला कळल्यावर मी काढायला लावला. पर रात्रभर होता तो.”

रात्रभरात तो कुणी कुणी पाहिला असेल! पण ज्यानं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, त्यानं बारा फोन करून सांगितलं होतं. “बरं,” मी म्हणाले. “आता माझा नंबर लिहून घ्या. लॅबमध्ये नका करू.”

मग महिनाभर आम्ही बोलत राहिलो. तो रोपांचं सांगायचा, मी रक्त बघून बेशुद्ध पडणाऱ्या पैलवानांचं. दोनदा तो सांगलीला आला. दुसऱ्या वेळी कृष्णेच्या घाटावर भडंगाचा पुडा मधे ठेवून तो म्हणाला, “समीक्षा, मला तुमच्याशी...”

“ते बोलू नका.”

“का?”

“बोललात तर उत्तर द्यावं लागेल.” मी भडंगाचा पुडा बाजूला सरकवला. “तुम्ही मराठे, उसाच्या रानाचे मालक. आम्ही मेंढरांमागची धनगर माणसं. माझे वडील, आबा, अजून मेंढरांच्या तळावर असतात. कुणाच्या घरी कसं सांगायचं?”

“भ्या मलाबी वाटतंय,” तो म्हणाला. “आईसमोर उभा राहिलो की शब्दच फुटत न्हाई.”

त्या दिवशी आम्ही तसेच उठलो.

आठवड्यानं तात्याबा चुलत्यांचा फोन आला. तो व्हिडिओ कुणीतरी साठवून ठेवला होता. फिरत फिरत तो आमच्या वाडीत पोचला होता. “आबानं बघितलाय,” ते म्हणाले. “रविवारी तळावर ये. एकटी ये.”

कराडजवळच्या तळावर बोलावलंय, असं मी राजवर्धनला कळवलं आणि निक्षून सांगितलं, येऊ नका. चुलते तापट आहेत. काही झालं तर मला सहन व्हायचं नाही.

दिवाळीनंतर आमची मेंढरं कृष्णाकाठाला उतरतात. त्या वेळी कराडच्या अलीकडे एका रिकाम्या शेतात बसवली होती. एसटीतून उतरून बांधाबांधानं चालताना मला गच्चीवरच्यासारखंच वाटत होतं.

आबा एका मेंढीच्या खुरात रुतलेला काटा काढत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. तात्याबा चुलते उभेच होते, चुलती चुलीपाशी.

“खरं हाय का?” आबांनी विचारलं.

“व्हिडिओ खरा आहे, आबा. त्यावर लिहिलेलं खोटं आहे. तेव्हा खोटं होतं.”

“तवा?” चुलत्यांचा आवाज चढला. “आनि आता?”

तेवढ्यात बांधावर मोटरसायकल थांबली. राजवर्धन होता, आणि त्याच्या मागे हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली ठेंगणी बाई. ती उतरली, सरळ आबांच्या समोर आली आणि जमिनीवर बसली. चुलते जे बोलणार होते ते त्यांच्या तोंडातच राहिलं. बसलेल्या बाईवर ओरडायचं कसं?

“मी मनुबाई. ह्याची आई,” ती म्हणाली. “ह्याच्या दोस्तानं तुमच्या लेकीचं नाव गावभर केलं. काल रातीला ह्यानं कसंबसं सांगितलं, म्हणून माफी मागाया आले. दोन कामं हायती. दुसरं हा सांगंल.”

राजवर्धन पुढे आला. तोंड उघडलं... मिटलं. “आवं आबा, मी...” एवढंच आलं आणि थांबलं. चुलत्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

तेव्हा मीच बोलले. कुठून आवाज आला मला माहीत नाही. “आबा, मला ह्यांच्याशी लग्न करायचं आहे. ह्यांनी विचारलेलं नाही. मी विचारू दिलं नाही. पण मला करायचं आहे.”

राजवर्धन माझ्याकडे बघत होता, आणि तळावर सगळ्यांच्या देखत मी नजर खाली घातली नाही.

आबांनी काटा ओढून काढला, मेंढी सोडून दिली आणि हात धोतराला पुसले. “त्यांचं घर मोठं,” ते म्हणाले. “लोक तिकडं बोलतील, हिकडंबी बोलतील. भ्या वाटत न्हाई तुला?”

“लय वाटतं, आबा.”

“मग?”

“तरी.”

आबांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग मनुबाईंकडे वळले. “आक्का, तुमचं मालक कवा भेटत्याल?”

मनुबाईंनी पदर नीट केला. “त्यास्नी अजून सांगितल्यालं न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांचं भ्या मलाबी लय वाटतंय.”

आधी चुलते हसले. चुलतेच! मग आबा. आणि मग चुलतीनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

मालकांना पटायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मला रोज भीती वाटली, आणि रोज संध्याकाळी लॅब बंद करून मी रस्त्यावर आले की फोन वाजला. एकही दिवस चुकला नाही. येत्या वैशाखात आमचं लग्न आहे.