बदकाला फुटलेला घाम

कुणाच्या तोंडचा घास काढू नये म्हणतात. मी तर भर एसटीत एका बाळाच्या तोंडातलं बदकच काढलं होतं.

लातूरहून नांदेडला निघालेली गाडी. चाकूरच्या पुढे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि वरच्या फळीवरचं एक पोतं धाडकन खाली आलं. गाठ सुटली… आणि गाडीभर पिवळी पिवळी प्लॅस्टिकची बदकं! कुणाच्या पायाखाली आली की पीं करायची. शेजारच्या बाईंच्या मांडीवरच्या बाळाने एक उचललं आणि थेट तोंडात घातलं. मी ते हिसकावलं. बाळाने जो सूर लावला, तो पार अहमदपूरपर्यंत.

"ओ मॅडम! लेकराच्या हातचं काढून घेता व्हय?" पोत्याचा मालक गुडघ्यांवर बसून बदकं गोळा करत होता. सावळा चेहरा, दाट भुवया, अन् खिशाला पिवळ्या रंगाचा डाग.

"ते तोंडात घालायचं नाही."

"का? इष हाय का त्यात?"

"विष नाही हो… पण प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेल घालतात ना? ते आत टिकत नाही, हळूहळू बाहेर येतं. थॅलेट म्हणतात त्याला. लेकरांच्या वाढीला ते बरं नाही."

मला वाटलं, आता हा भांडणार. मी पदर खोचायच्या तयारीत होते. ड्रेसला पदर नव्हता एवढंच. पण तो भांडला नाही. हातातल्या बदकाकडे बघत राहिला.

"आमच्याच कारखान्यातली हायत ही," तो हळूच म्हणाला. "माझ्या भाचीला दात येऊन राहिलेत. दिवसभर हेच चावती."

त्या चेहऱ्यावर मी तिथेच भाळले असं म्हणणार नाही. पण बदकं गोळा करायला मीही खाली वाकले, हे खरं.

त्याचं नाव आनंदराज. लातूरच्या एमआयडीसीत वडिलांचा खेळण्यांचा छोटा कारखाना. मी धम्मप्रिया, नांदेडच्या विद्यापीठात पीएचडी करते. माझा विषय म्हणजे थॅलेटच्या जागी चालेल असं, सोयाबीनपासून बनवलेलं तेल.

"सोयाबीन?" तो हसला. "आधी सांगायचं की! लातूरच्या माणसाला तुम्ही सोयाबीन शिकवून राहिलात?"

अशी आमची सुरुवात झाली. मी नांदेडहून तेलाचा कॅन घेऊन लातूरला जाऊ लागले. कंडक्टर प्रत्येक वेळी विचारायचा, "मॅडम, ह्यात भजे चांगले होतेत का?"

आनंदराजच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "माळेगावच्या जत्रंचा माल भरायचाय. जत्रंत कोण तपासतंय? पण पोरगं ऐकंना. बदकांचा एक घाणा काढून बघा. चांगला निघाला तर तुमचं तेल, न्हाई तर आपलं जुनं."

मग कारखान्यात आधी नमुन्यापुरतं माझं तेल प्लॅस्टिकच्या पावडरीत कालवलं जायचं, पिवळा रंग पडायचा, साचे भरून भट्टीत जायचे. साचा उघडला की आनंदराज चिमट्याने गरम बदक ओढून काढायचा, गार झालं की त्याच्या पोटाला शिट्टी बसवायचा.

"एवढ्या लांबून येता. कंटाळा न्हाई येत?"

"तेलासाठी यावं लागतं."

"हाव. तेलासाठीच." आणि माझ्याकडे न बघता तो बदक दाबायचा… पीं!

मेल्या बदकाला नेमकं कधी ओरडावं ते बरोबर कळायचं.

संध्याकाळी पाचची नांदेड गाडी. तो मला मोटारसायकलवर स्टँडवर सोडायचा. गाडी फलाटाला लागायच्या आत धावत जाऊन खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकायचा. मराठवाड्यात सीटवर रुमाल पडला की ती जागा आपली. मग कुणी हुज्जत घालत नाही. मी खिडकीशी बसायचे, तो खाली उभा राहायचा. रुमाल परत द्यायचं माझ्या लक्षातच राहायचं नाही. अशा रुमालांची घरी एक छोटी चळत जमली होती. आईने त्याबद्दल अजून काही विचारलं नव्हतं, एवढंच.

पहिला पुरा घाणा झाला त्या संध्याकाळी मी फार खुशीत होते. आठवड्याने त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"मॅडम… बदकांना घाम फुटलाय."

त्याने फोटो पाठवले. सगळी बदकं चिकट, तेलकट, अंगाला धूळ चिकटलेली. मला वाटलं, तेल कच्चं राहिलं असणार, माझीच प्रक्रिया चुकली असणार. मी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा तपासलं. तेल चोख होतं. तरी बदकं घामाघूम. मी रडून डोळे सुजवले. पीएचडी सोडून बीएड करावं, इथपर्यंत विचार आला.

लातूरला गेले, तर अण्णा कारखान्याच्या दारातच खुर्ची टाकून बसलेले. "पोरी, वाईट वाटून घेऊ नको. तुझं तेल कच्चं हाय. जत्रंचा माल आता जुन्या तेलात भरतो."

"तपासलं तेव्हा चोख होतं… पण असेल, अण्णा," मी मान खाली घालून म्हणाले. आनंदराजच्या भाचीचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी तिला अजून पाहिलंही नव्हतं.

"तेल कच्चं न्हाई, अण्णा." आनंदराज पुढे आला. "बदकं कच्ची हायत. ह्यांनी सांगितलं होतं, ह्या तेलाला भट्टीत जास्त वेळ लागतो. ह्या हात धुवाया गेल्या अन् मी साचे आधीच बाहेर काढले."

"का रे?"

तो माझ्याकडे बघेना. भट्टीकडे बघू लागला. "पाचची गाडी होती… उशीर झाला असता तर खिडकीची जागा गेली असती."

मागे काम करणारे रामलिंगकाका एवढ्या जोरात हसले की हातातला साचा पडला.

"खिडकीच्या जागंपायी जत्रा बुडवत होतास व्हय रे?" अण्णा ओरडले. पण मिशीत काहीतरी हललं त्यांच्या.

मला मात्र हसू आलं नाही. "मी इतकी रडले," मी म्हणाले. "आणि तुम्हाला माहीत होतं? फोनवर का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो… पण ते सांगितलं असतं, तर दुसरं बी सांगावं लागलं असतं."

"दुसरं काय?"

"ते… अण्णांसमोर न्हाई सांगता येत."

अण्णा उठले. "रामलिंग, चल. चहा पिऊन येऊ. आणखी एक घाणा काढा म्हणावं, शेवटचा."

आम्ही दोघांनी तेल कालवलं, साचे भरले. मी भट्टीच्या दारासमोर स्टूल ओढून बसले. "मी सांगेन तेव्हाच उघडायचं." राग अजून होता. पण घड्याळाचा काटा पाचकडे सरकू लागला आणि त्याची जी चुळबुळ सुरू झाली, ती बघून माझा राग टिकेना.

"गाडी जाईल, मॅडम."

"जाऊ द्या."

"फुडच्या गाडीत उभ्यानं जावं लागंल."

"जाईन."

"मग… मी बी येऊ का? उभ्यानं?"

"आधी ते दुसरं सांगा. का तेही अर्धकच्चं बाहेर काढायचंय?"

तो हसला, मग गंभीर झाला. "तुम्ही नांदेडला गेलात की मला लातुरात करमत न्हाई, धम्मप्रिया. तुम्हाला लवकर घरी सोडावं वाटतं, अन् सोडूच नये असं बी वाटतं. तुमच्या घरी येऊन विचारलं तर… चालंल का?"

माझे कान गरम झाले, ते काही भट्टीमुळे नव्हे. बाजूला पहिल्या घाण्यातलं एक चिकट बदक पडलं होतं. मी ते उचललं आणि दाबलं.

पीं!

पाचची गाडी गेली. साचे पुरता वेळ भाजले.

त्या बदकांना घाम फुटला नाही. तपासणीचा अहवालही चांगला आला. जत्रेचा सगळा माल सोयाबीनच्या तेलात भरला. मध्यंतरी आनंदराज अण्णांना घेऊन आमच्या घरी येऊन गेला. जय भीम झाला, चहा झाला, आणि आईने रुमालांची चळत आणून मुकाट त्याच्या हातात ठेवली. तो एवढा लाजला की बाबांनी होकार द्यायच्या आधी त्याला पाणीच दिलं.

माळेगावच्या जत्रेत आमचं दुकान लागलं होतं. आनंदराजची बहीण पंचशीला लेकीला कडेवर घेऊन आली. अण्णांनी ढिगातलं एक बदक उचललं. बोटांनी चोळून बघितलं. गालाला लावून बघितलं. कोरडं होतं. मग ते नातीच्या हातात दिलं आणि तिने ते सरळ तोंडात घातलं.

सवयीने माझा हात पुढे गेला.

आनंदराजने तो वाटेतच धरला. "चावू द्या की आता," तो म्हणाला.

ती मन लावून चावत राहिली, आणि मी हात काही सोडवून घेतला नाही.