दादाचे किती झाले?

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी त्या घरात होते. आई होती. बाहेर ओट्यावर शेजारचे उदाजीराव होते. ते अजून देवासलाच राहतात. शंका असेल त्याने त्यांना जाऊन विचारावं.

२३ मार्च २००३. रविवार. वर्ल्ड कपची फायनल.

बाबा साताऱ्याहून नोकरीसाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. इंडस्ट्रियल एरियाच्या मागे आमचं छोटं घर. पुढच्या खोलीत टीव्ही. मागची खोली नीलकंठ काकांची.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. क्रिकेटवर जीव, पण मॅच कधी डोळ्यांनी बघायचे नाहीत. आपण बघितलं की विकेट पडते, अशी त्यांची खात्री होती. एकदोनदा तसं झालंही होतं. मग मॅच सुरू झाली की ते मागच्या खोलीत जायचे. दार लोटून घ्यायचे. आणि आतून विचारायचे...

"किती झाले?"

उत्तर फक्त दादाने द्यायचं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अक्षत. दुसऱ्या कुणी सांगितलेलं काकांना चालायचं नाही. मी ओरडले तर आतून आवाज यायचा, "चिऊ, तू नको. दादा सांगेल. त्याची जीभ लकी आहे."

१९९९च्या थंडीत काका गेले. त्याच खोलीत. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

नंतर आम्ही तिथे सामान ठेवू लागलो. खाट भिंतीला उभी करून ठेवली.

त्या रविवारी बाबा ड्यूटीवर होते. ऑस्ट्रेलियाने रनांचा डोंगर केला. आपली पहिली विकेट पहिल्याच ओव्हरला गेली. घर एकदम गप्प झालं.

पण कप्तान मारायला लागला. त्यालाही अख्खा देश दादाच म्हणायचा.

"आई, हात थांबवू नकोस!" आमचा दादा ओरडला. "तू कणिक मळायला बसल्यापासून विकेट नाही पडली."

"अरे, किती मळू? चिकट झाली की."

"होऊ दे. मळत राहा!"

आई हसत मळत राहिली.

आणि लाइट गेली.

त्या वर्षांत लाइट जाणं काही नवं नव्हतं. "लो भिया, हो गया कल्याण," म्हणत उदाजीराव ओट्यावर जाऊन बसले. दादाने ट्रान्झिस्टर कानाला लावला.

पंखा फिरत फिरत थांबला. बाहेर उजेड होता, पण घरात सावली पसरत होती. कुठेच आवाज नाही...

तेवढ्यात मागच्या खोलीतून कुणीतरी विचारलं.

"दादाचे किती झाले?"

मोठ्याने नाही. नेहमीसारखं. शेवटचं अक्षर जरा लांबवून.

आईचे हात परातीत थांबले.

दादा घाबरला नाही. मला हेच सगळ्यात जास्त आठवतं. इतक्या वर्षांची सवय. ट्रान्झिस्टर कानावरून न काढता तो ओरडला,

"चोवीस, काका!"

मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

आतून आवाज आला...

"बस."

ट्रान्झिस्टरमधून एकच गलका उठला. कप्तान आउट झाला होता. चोवीसवर.

उदाजीराव दारात आले. "अंदर से कौन पूछ रिया था?"

आई तशीच उठली. कणकेच्या हातांनी तिने मागचं दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. ट्रंका. गोधड्यांचं गाठोडं.

खाट मात्र आडवी घातलेली होती.

फायनल आपण हरलो. गल्लीतली पोरं रडत होती. दादा रडला नाही. जेवलाही नाही.

"चिऊ, काकांनी कुणाचे विचारले?"

"कप्तानाचे. दुसऱ्या कुणाचे?"

"काका गेले तेव्हा तो कप्तानही नव्हता. काकांनी त्याला कधी दादा म्हटलं होतं? काकांचा दादा एकच होता, मी."

"योगायोग असतो रे."

"मला किती वर्षं पूर्ण झाली?"

त्याला चोवीस पूर्ण झाली होती.

एप्रिलमध्ये त्याला ताप आला. मग कावीळ. देवासचे डॉक्टर झाले, इंदूरचं हॉस्पिटल झालं. सगळे म्हणायचे, तरुण आहे, उठेल. तो काही उठत नव्हता. डोळे पिवळे झाले. औषध दिलं की तोंड फिरवायचा.

"आउट झालेल्याने पिचवर थांबू नये," म्हणायचा.

आईने मात्र एक आशा धरली होती. पंचवीस. एकदा पंचविशी पूर्ण झाली की तो आकडा मोडेल. अनवाणी देवीच्या टेकरीवर गेली, नवस बोलली. मे महिन्यात डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ बाबांना कळला. आईने कळून घेतला नाही.

तारखेने वाढदिवस पुढच्या आठवड्यात होता. पण दादाचा जन्म अक्षय तृतीयेचा. तिथीने तो आधी येत होता.

त्या दिवशी तिने त्याला उशांना टेकवून पाटावर बसवलं. औक्षण केलं. "तिथीने आज पंचवीस पूर्ण. सुटलास रे बाबा."

तो हसला. कित्येक दिवसांनी दोन चमचे पेज प्याला. मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं. मला खरंच वाटलं, सुटला.

मग आई मागच्या खोलीच्या दाराशी गेली.

"भावोजी! पंचवीस झाले! ऐकलंत का? पंचवीस!"

आतून काहीच आवाज आला नाही...

आई वळून हसली. तेवढ्यात दादा हळूच म्हणाला,

"आई, त्यांना तुझं चालत नाही."

आईचं हसू गेलं. ती त्याच्याजवळ बसली. त्याचे गाल धरले. "मग तू सांग. तू सांग ना रे. एकदा म्हण, पंचवीस."

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. मानेच्या शिरा ताणल्या.

आवाजच फुटला नाही.

तारखेचा वाढदिवस यायच्या आत तो गेला. डॉक्टर बघायला आले. त्यांनी वय विचारलं. आई म्हणाली, पंचवीस.

बाबा म्हणाले, चोवीस.

पुढे आम्ही ते घर विकलं आणि धारला आलो. बाबाही त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. आईने काकांना कधी दोष दिला नाही, त्यांचं श्राद्ध कधी चुकवलं नाही. एकदा मीच तिला विचारलं, "काकांचा एवढा जीव होता त्याच्यावर. मग का नेलं?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"एकटं वाटत असेल गं त्यांना."

थोड्या वेळाने म्हणाली, "आता सोबतीला दोघं आहेत."

दोघांत काकांचं भागतं का, हे विचारायची मात्र माझी हिंमत झाली नाही.