लालासाहेबाच्या नावानं आंघोळ

बस की गं शिवांजली, बेदाणं काय पळून चाललंय व्हय? निवडून देते, मग जा. आतनं पाण्याचा आवाज येतोय त्यो आमच्या लालाचा. आंघोळीला बसलाय.

लाला म्हंजे कागदावरचा लालासाहेब. नाव मालकांच्या चुलतआजोबांचं. त्ये मोठ्या लढाईत मालाच्या आगबोटीवर हुते, खाली भट्टीत कोळसा घालायला. इमानांनी वरनं बॉम्ब टाकलं आन् बोट बुडाली. बरूबरचा एकजण वाचून तासगावात आला, त्यानं सांगितलं, लालासाहेब खालीच ऱ्हायला. पण त्येंच्या आईनं कुणाला त्येंच्या नावानं आंघोळ करू दिली न्हाई. म्हणायची, "आदी मढं दावा, मग आंघोळ करते." मरूस्तवर दाराला कडी लावली न्हाई म्हातारीनं.

सासूबाईंनी त्येच नाव माझ्या पोराला ठेवलं. मी कुरकुर केली, पण सुनेचं ऐकतंय कोण? विहिरीत मुटकं मारणारं पोरगं माझं, मोठं हून परदेशात गेलं. बुडालेली जहाजं बघाय आलेल्या लोकांस्नी पाण्याखाली घिऊन जायचं काम.

त्या दिशी सकाळी त्याचा फोन आला. "मम्मी, ती बोट घावली गं! आपल्या आजोबांची. आज भट्टीपतोर उतरणार हाय."

"लय शाणपणा करू नगंस. मेल्यालं माणूस झोपू दे की."

"तू बी ना मम्मी..." हसला आन् फोन ठेवला.

मालक बेदाण्याच्या शेडमधनं हात झाडत आलं. म्हणलं, "बोट घावली म्हंजे मढंच घावलं. आता तरी सोडवूया त्येंना." नणंद दीपमाला बी आलीवती. अंगणात घागरी भरून ठेवल्या. मालकांनी डोक्यावर पाणी वतलं आन् मोठ्यांदा म्हणलं, "लालासाहेब, तुमच्या नावानं आंघोळ केली. सुटा आता." मग दीपमालानं वतलं, मग मी. ह्याच हातानं.

पाणी वघळत पायाशी आलं आन् मी घागर तशीच खाली टाकली.

"आवं... आजोबा म्हणला न्हाईसा तुमी. नुसतं लालासाहेब म्हणलासा..."

मालकांचं तोंड पांढरंफटक पडलं.

"आपला लाला आत्ता पाण्यात हाय..." मीच म्हणलं.

फोन लावला, लागंना. परत लावला. सांडल्यालं पाणी घागरीत भरता येतंय व्हय? मी तशीच वल्ल्या लुगड्यानं देवापुढं बसले. आईच्या जातीनं दुसरं काय करावं? ऊन कललं, तवा फोन वाजला.

"आये... वर आलो."

मी ढसाढसा रडले गं. देवाम्होरं साखर ठेवली. खुळी मी, तवा ध्यानातच आलं न्हाई. माझा लाला जल्मात मला आये म्हणला न्हाई. कायम मम्मी.

आठवड्यानं घरी आला. त्योच चेहरा, सायकलवरनं पडल्याचा हनुवटीवरचा वण सुदीक त्योच. विश्रामबागच्या डॉक्टरला दावला, त्यो म्हणला ठणठणीत हाय. पण मोबाईलला हात लावत न्हाई. हाक मारली तर जरा येळानं वळून बघतोय. मालक म्हणत्यात, "दमलाय पोरगा." त्येंना बी कळलंय, पण बोलत न्हाईत.

आला त्या दिशी दिवेलागणीला मी दाराची कडी घालाय गेले. त्यानं माझा हात धरला. गारढोण...

"कडी लावू नगंस, आये. त्यो खाली एकटाच हाय... घर हुडकत येईल."

"कोण रं? कोण येईल?"

ताटावर जाऊन बसला. भाकरी मोडून खाया लागला.

तवापासनं कडी लावली न्हाई बग मी. ह्याला जा म्हणलं तर माझ्या पोराचं अंग जातंय. ऱ्हा म्हणलं तर माझा पोरगा तिकडं पाण्यातच ऱ्हातोय. काय करू सांग की गं? कुणाकडं जाऊ?

थांबला बग आवाज. झाली वाटतं आंघोळ. जा, तेवढी मोरी बघून ये, तुझी नजर तरणी हाय. रोज साबण लावून घासतोय गं त्यो, रोज... पाणी काळंच न्हवं? बोटाला लावून बघ जरा. कोळसा हाय का न्हाई, तूच सांग मला.