भिंगावरचं झाकण

भिंगरी मान खाली घालून जिना चढत होती. लाजून नव्हे हं! लाजणं आणि भिंगरी यांचं आजवर कधी जमलेलंच नव्हतं. ती बघत होती हातातल्या कॅमेऱ्यात. कॅमेरा जुना, चौकोनी, दोन डोळ्यांचा... एका डोळ्यानं बघायचं, दुसऱ्यानं फोटो काढायचा. वरून वाकून पाहिलं की आतल्या काचेवर अख्खं जग दिसायचं, फक्त डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. त्यामुळे काचेत एक मुलगा डाव्या बाजूनं उतरताना दिसला, तेव्हा भिंगरी मोठ्या शहाणपणानं उजवीकडे सरकली आणि—

धडाम!

“आई गं!”

भिंगरी पायरीवर बसली होती. कॅमेरा मात्र हवेत होता. म्हणजे, त्या मुलाच्या हातात. त्यानं तिला सोडून कॅमेरा झेलला होता.

“अरे वा! आणि मला काही झालं असतं तर?”

“तू... तू परत उठली असतीस,” तो मुलगा हळूच म्हणाला. “हा नसता उठला.”

भिंगरीला खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण तिची नजर त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेली आणि राग राहिला बाजूलाच.

“रेंजफाइंडर! कुठे मिळाला? शटर चालतं? सगळे वेग चालतात? दाखव ना, दाखव ना!”

“भंगारवाल्याकडे. पोत्यात होता, मोडक्या रेडिओंच्या खाली. हळू वेग अडकत होते... साफ केले.”

“स्वतः?”

“हं.”

बस. संपलं. नळ बंद केल्यासारखा तो गप्प झाला. भिंगरीनं तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवून टाकलं, मौनीबाबा.

भिंगरीच्या खोलीत असले नऊ कॅमेरे होते. आई म्हणायची, “लग्नात हेच घेऊन जा, भांडी नकोत तुला.” पण त्या नऊ कॅमेऱ्यांचं वेड समजणारं तिच्या वयाचं कुणी, अगदी कुण्णी, तिला आजवर भेटलं नव्हतं. आणि आज भेटलं ते थेट टक्कर मारूनच!

दोघंही एकाच कामाला आले होते; तो तर दारापर्यंत जाऊन, आत बोलायचं कसं म्हणून, परत उतरत होता. वर बाईंचा फोटो स्टुडिओ होता; सगळं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं. गावभर सगळे मोबाईलवर फोटो काढत असताना बाई अजून फिल्म धुवायच्या, स्वतःच्या हातानं, अंधाऱ्या खोलीत. दर सुट्टीत त्या हे काम शिकवायला मुलं घ्यायच्या. पण उगाच नाही घ्यायच्या.

“एकेक रोल,” बाईंनी टेबलावर दोन रोल ठेवले. “एकमेकांचे फोटो काढायचे. भिंती, मांजरं, ढग मला नकोत. माणूस हवं. उजेड जायच्या आत परत या, मी इथेच धुते. जमलं तर सुट्टीभर इथे. कोरा रोल आणलात तर घरी. रडारड चालणार नाही.”

“एकमेकांचे?” भिंगरीनं मौनीबाबाकडे पाहिलं. “पण आमची ओळखसुद्धा नाही!”

“म्हणूनच. ओळखीच्या माणसाचा फोटो कुणीही काढतं. आणि तू रे, तोंडात काय गुळणी धरलीयेस?”

मौनीबाबानं नुसती मान हलवली.

बाहेर झकास ऊन होतं. चार वाजताचं, तिरपं, फोटोसाठीच पडल्यासारखं. भिंगरीच्या रोलवर फोटो यायचे बारा, आणि कुठलीही गोष्ट पुरवून वापरायची तिला सवयच नव्हती.

“डावीकडे सरक... अरे, माझ्या डावीकडे! नाही नाही, उलट्या डावीकडे!”

“म्हणजे उजवीकडे?”

“म्हणजे काचेतल्या डावीकडे!”

तो हसला आणि भिंगरीनं खटकन दाबलं. सायकलच्या दुकानापुढे एक, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीशी दोन, टपालपेटीला टेकून तीन... बसथांब्याशी पोचेपर्यंत तिचे बाराही संपले. त्याचा रोल छत्तीसचा. त्यानं एकही काढला नव्हता.

“आता तुझी पाळी. कशी उभी राहू? अशी? की अशी?”

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि भिंगरीला दिसलं...

भिंगावर झाकण होतं. काळं, गोल, घट्ट बसवलेलं.

आता, रेंजफाइंडरची गंमत अशी, की त्यात भिंगातून बघायचंच नसतं. बघायची खिडकी वेगळी, वरच्या कोपऱ्यात. भिंगावर झाकण असो नाहीतर घोंगडी, बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं. फिल्मला मात्र ठार अंधार. भिंगरीला हसू फुटणार होतं. ती सांगायला तोंड उघडणारच होती, एवढ्यात—

“केस नको सारूस मागे,” तो म्हणाला. “वाऱ्यानं आणलेत ना गालावर... राहू दे.”

भिंगरीनं केसांकडे नेलेला हात खाली घेतला.

खटक.

“आता माझ्याकडे नको. त्या बसकडे बघ. तुला कुठेतरी जायचंय आणि बस चुकली तरी चालणार आहे, असं.”

खटक.

हा मौनीबाबा? जिन्यावर चार शब्द बोलून दमलेला? कॅमेरा खाली आला की तो पुन्हा गप्प. वर गेला की नळ चालू! पुढचा फोटो झाला की सांगू, भिंगरीनं ठरवलं. मग त्याच्या पुढचा.

“तू असा नेहमी बोलतोस?” तिनं विचारलं.

“नाही. याच्यामागे असलो की... मी कुणाला दिसत नाही ना.”

“दिसतोस की! कान दिसतात. लाल झालेत.”

खटक. “हा भारी येणार,” तो कॅमेऱ्याआडून म्हणाला. “हसायच्या आधी तू नाक आक्रसतेस. तेव्हाच दाबलं.”

सोळा वर्षांत भिंगरीच्या नाकाबद्दल बरंच बोललं गेलं होतं. मामाला ते बटण वाटायचं, शेजारच्या काकूंना भजं. पण ते आक्रसतं कधी, हे कुणी पाहिलं होतं? सांगू? नको. आत्ता झाकण म्हटलं तर तो ओशाळेल, मिटून जाईल, आणि मग हे सगळं... संपेल! अजून एक. फक्त अजून एक.

असं करत करत ते कालव्यावरच्या पादचारी पुलावर आले. ऊन पाण्यावर उतरलं होतं. मौनीबाबानं कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला.

“पाच उरले. हे जपून काढायचे... माझं सगळं यावरच आहे.”

“का रे? नाही जमलं तर पुढच्या सुट्टीत येऊ परत.”

“मी नाही येणार.” त्यानं पट्टा बोटाला गुंडाळला. “बाबा म्हणतात, बाईंनी घेतलं तर ठीक. नाहीतर परवाच काकांकडे जायचं, त्यांच्या दुकानात बसायला. लांब आहे ते. आणि कॅमेरे जिथून आले तिथे परत, भंगारात.”

एकतीस फोटो! एकतीस वेळा ती गोड हसत उभी राहिली होती, आणि एकतीस वेळा तिनं त्याला स्वतःच्या हातानं परवाच्या गाडीत बसवलं होतं.

“ए, भिंगावर धूळ दिसतेय,” ती पुढे झाली. “पुसू?”

“भिंगाला हात नको हं!” तो चटकन मागे सरला.

झालं. युक्ती फसली. आता ‘अय्या, हे काय, आत्ताच दिसलं!’ असं म्हणायचं... एवढंच करायचं होतं. किती सोपं! त्याला कधी कळलंही नसतं. भिंगरीनं श्वास घेतला.

“झाकण आहे,” ती म्हणाली. “भिंगावर.”

त्यानं कॅमेरा फिरवून पाहिला.

“केव्हापासून?”

“पहिल्या फोटोपासून.”

“तुला दिसत होतं?”

“...हो.”

“मजा वाटली?”

“पहिल्याला वाटली. एकदाच, शपथ! मग तू बोलायला लागलास आणि... आणि मला वाटलं, सांगितलं की थांबशील. मला ऐकायचं होतं रे! सगळंच. केसांचं, बसचं, नाकाचं... मला काय माहीत तू परवा जाणारेस! माहीत असतं तर मी ओरडले असते, त्या बसपेक्षा मोठ्यांदा ओरडले असते!”

डोळे भरून आले आणि त्यातच, आपण असं काय बरळतोय म्हणून, हसूही आलं.

मौनीबाबानं झाकण काढलं. खिशात टाकलं. कठड्याला कोपर टेकवलं, श्वास सोडला आणि... खटक. मग थोडा सरकून पुन्हा. पाचही फोटो काढले. एक शब्द न बोलता. हलू नकोस नाही, इकडे बघ नाही, काहीच नाही. कॅमेऱ्यामागेही नळ बंद! परत येतानाचा रस्ता तोच होता, पण भिंगरीला तो दुप्पट लांब वाटला.

बाई रोल घेऊन अंधाऱ्या खोलीत गेल्या. बाहेरच्या बाकावर दोघं बसले, मध्ये दप्तर मावेल एवढी जागा सोडून. दाराखालून व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. भिंगरीनं नखं कुरतडली. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघितलं.

दार उघडलं. बाईंनी ओल्या पट्ट्या दिव्यासमोर धरल्या.

“हे तुझं गं. सगळीकडे याचे कान अगदी स्पष्ट आणि चेहरा धूसर... हा एक हसतानाचा मात्र छान जमलाय. चालेल.” मग त्यांनी दुसरी पट्टी धरली. ती स्वच्छ होती. काचेसारखी. बाईंनी ती पुढे सरकवली. स्वच्छ. आणखी पुढे. स्वच्छ. त्यांच्या भुवया चढल्या. “कोरा?”

“बाई, चूक माझी आहे!” भिंगरी ताडकन उठली. “झाकण मला दिसत होतं, मीच सांगितलं नाही. माझ्या जागी त्याला घ्या. मला नको. मी घरी जाते!”

“बस खाली. कुणाला घ्यायचं ते तू मला शिकवू नकोस.” पट्टीच्या शेवटी काहीतरी काळं-करडं आलं होतं. बाईंनी त्यावर छोटं भिंग टेकवलं आणि वाकल्या. “हे हललंय... हेही... हं.” त्या थांबल्या. “हे काय? ही मुलगी इथे रडतेय की हसतेय?”

“दोन्ही,” भिंगरी पुटपुटली.

“आणि ते याला बरोब्बर सापडलं.” बाई वळल्या. “पण काय रे, एवढ्या वेळात भिंगाकडे एकदाही लक्ष गेलं नाही तुझं? बघत कुठे होतास?”

कॅमेरा टेबलावर होता. मौनीबाबासमोर आडोसा घ्यायला काही म्हणजे काही नव्हतं. कान लालबुंद झाले होते, अगदी टोकापर्यंत. पण त्यानं मान वर केली.

“हिच्याकडे,” तो म्हणाला.

भिंगरी पुन्हा नखं कुरतडायला लागली, पण या वेळी हसू लपवायला.

बाईंनी पट्टी चिमट्याला अडकवली. “मी म्हटलं होतं, कोरा आला तर घरी. हा काही कोरा नाही. उद्या दहाला या, दोघंही. आणि आता निघा, मला स्वयंपाक आहे.”

जिन्यावर दोघं शेजारी शेजारी उतरले. भिंगरीच्या पायाखाली पायऱ्या होत्या की नव्हत्या, देव जाणे.

“एक विचारू? पुलावर एकही शब्द का नाही बोललास? मला वाटलं, आता कधीच बोलणार नाहीस.”

तो दोन पायऱ्या तसाच उतरला. मग थांबला. कॅमेरा खांद्यामागे सारून त्यानं सरळ तिच्याकडे पाहिलं... आणि हळूच तिच्या करंगळीत आपली करंगळी अडकवली.

“तेव्हा फोटो पाचच उरले होते. बोलायला आता अख्खी सुट्टी आहे.”

“मग कर ना सुरू!” भिंगरी म्हणाली.