खाली न ठेवता येणारं पुस्तक

उन्हाचा भोंगा वाजला तेव्हा शाल्मली पोहे खात होती. म्हणजे पोहे आपोआप तोंडात जात होते आणि ती वाचत होती. भोंगा वाजला की चंद्रपुरातली दारं-खिडक्या लागायच्या आणि रस्ते ओस पडायचे, ते थेट दिवेलागणीपर्यंत. उन्हाळ्यातली शाळा सरकारनं केव्हाच घरी पाठवून दिली होती. पोरं घरी शिकत, आया घरी शिकवत आणि कुलर दोघांवरही सारखाच गुरगुरत असे.

स्नेहल ओट्याशी उभी राहून लेकीकडे बघत होती. दहा वर्षांची पोर. एक शेंगदाणा बराच वेळ तिच्या ओठावर अडकून बसला होता, पण तिला त्याचा पत्ता नव्हता. गेल्या उन्हाळ्यात याच पोरीला पुस्तक उघडलं की तहान लागायची, मग लघवी, मग पोटात दुखायचं, आणि पुस्तक मिटलं की सगळी दुखणी पळून जायची. आता तिला हाका मारून जेवायला उठवावं लागत होतं. कुठल्या आईला बरं वाटणार नाही?

ही सगळी करामत पाटीची. 'सोबत' नावाच्या कंपनीनं ती काढली होती. दिसायला पापडासारखी पातळ, दुमडली तर दुमडायची, पडली तर फुटायची नाही. तिच्या वरच्या काठात केसाएवढा एक डोळा होता. तो वाचणाऱ्याची बुबुळं पाहायचा. ती कुठे रेंगाळली, कुठे घाईनं सरकली, कुठे मोठी झाली. कंपनी याला बुबुळवेध म्हणायची. पोर कंटाळली की पाटी पुढचा परिच्छेद बदलायची. शब्द अडला तर पुढच्या ओळीत तोच शब्द सोपा करून आणायची. पाटी सारखीच, पण गोष्ट प्रत्येक पोराची आपापली.

घरी शिकवणाऱ्या आयांचा एक गट होता. त्यांनी याला नाव दिलं होतं 'एकट्याचं वाचन'. मोठ्यांनी पोरांच्या पाटीत डोकवायचं नाही, हा गटाचा नियम. पुस्तक संपलं की पोरांनी त्यावर काहीतरी करायचं: बुटाच्या खोक्यात देखावा, हातानं शिवलेलं पुस्तक, नाहीतर गोष्टीचा स्वतः लिहिलेला वेगळा शेवट. मग एका रविवारी सगळ्यांनी कुणाच्या तरी घरी जमून ते मांडायचं. पूर्वी या मांडणीत निम्मे देखावे आयांनीच केलेले असायचे आणि त्या एकमेकींच्या डिंकाचे डाग ओळखून गालातल्या गालात हसायच्या. पाटी आल्यापासून पोरं सगळं आपलं आपण करू लागली. आया जरा हिरमुसल्याच होत्या.

"शालू, संपलं का गं?"

"नाही."

"अगं, रविवारी मांडणी आहे. शेवटच माहीत नाही तर शेवट बदलणार कशी?"

"ते संपतच नाही, आई."

आवाज सपाट होता. स्नेहल जवळ गेली. शाल्मलीचे डोळे लाल होते, कडांना पाणी साचलं होतं, आणि ते पाणी गालावर येईपर्यंत तिची पापणी एकदाही लवली नाही.

"डोळे मीट जरा. किती ताणतेस!"

"मिटले की दिवा बारीक होतो."

"कुणाचा दिवा?"

"कुमुदचा." मान वर न करताच शाल्मलीनं डाव्या हातानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

कोपऱ्यात खोकं होतं. पोरीनं त्यात कोळशाची खाण केली होती. भिंतींना डिंक लावून त्यावर कुटलेला कोळसा चिकटवलेला, आगपेटीच्या काड्यांचे टेकू, आणि मधोमध परकर नेसलेली बोटभर बाहुली. हातात पिवळ्या मण्याचा दिवा. स्नेहलला अगदी कौतुक वाटलं. मग खोक्याबाहेर, फरशीवर तिला कापसाचं एक शेळीचं पिल्लू दिसलं. त्याच्यावर रुमाल पांघरला होता.

"हे बाहेर कशाला ठेवलंस?"

"ते मेलं."

"पुस्तकात?"

"तू जेवताना पाटी ओढून घेतलीस ना, तेव्हा. मी परत आले तर कुमुद एकटीच होती. म्हणाली, तू कुठे गेली होतीस, अंधार झाला होता, पिल्लू कुठे पडलं मला दिसलंच नाही." शाल्मलीनं नाक ओढलं. "तू नाही मारलंस, आई. मीच उठले."

स्नेहलच्या हातातला डाव तसाच राहिला. दुसरीकडे वळून तिनं हर्षाला फोन लावला. हर्षा मत्ते शेजारच्या गल्लीतली, रविवारची मांडणी तिच्याच घरी होती.

"अगं, काय सांगू बाई तुला," हर्षा नेहमीच्या जोरात सुरू झाली, "आमची गार्गी तर जेवायला पण उठून नाही राहिली! सासूबाई म्हणतात, ही आता कलेक्टर होते. मी म्हटलं, आधी अंघोळ तर करू द्या कलेक्टरला."

"हर्षा, तिच्या गोष्टीत काय आहे?"

"मी कशाला बघू? नियम नाही का आपला?" मग आवाज एकदम खाली आला. "एक आजोबा आहेत म्हणे. पुरात झाडावर अडकलेले. ती वाचते तोवर ते फांदी धरून राहतात. स्नेहल... काल संडासात पाटी नेली तिनं. मी दार वाजवलं तर म्हणाली, आई, ओरडू नको, त्यांचा हात सुटेल."

 कुलरचं पाणी थेंबथेंब गळत होतं.

"बंद करून टाकू का गं?" हर्षानं विचारलं.

"आणि ते आजोबा?"

 हर्षानं फोन ठेवला.

स्नेहल शाल्मलीपाशी बसली. "अंघोळ करून घे. किती चिकट झाली आहेस."

"मग कुमुदकडे कोण बघेल?"

"मी बघते."

पोरीनं पहिल्यांदा मान वर केली. त्या नजरेत इतका विश्वास होता की स्नेहलला कसंतरीच झालं. शाल्मलीनं पाटी दोन्ही हातांनी, भरलेली वाटी द्यावी तशी, आईच्या हातात दिली. "खाली नको ठेवूस हं. एकदापण."

मोरीचं दार लागलं. स्नेहलनं पाटीच्या काठावर बोट टेकवलं. "ऐका हो. मला बोलायचंय."

"नमस्कार, शाल्मलीची आई." आवाज बाईचा, मऊ, दवाखान्यात नाव पुकारतात तसा. "शाल्मलीचं वाचन उत्तम चाललं आहे."

"पोर डोळे मिटत नाही. हे असलं काय दाखवता तिला?"

"सुरुवातीला आम्ही विनोद वापरून पाहिले. मग कोडी. दोन्हीतून शाल्मलीची नजर सुटत होती. कुणाचा तरी जीव आपल्यावर आहे असं वाटलं, तेव्हा मात्र ती सुटली नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत हेच आढळतं. मुलं मनानं फार चांगली असतात."

"पण तुम्हाला हे करायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच सांगितलंत. पहिल्या दिवशी आम्ही विचारलं होतं, मुलीकडून काय अपेक्षा आहे. तुम्ही म्हणालात, एकदा हातात घेतलं की खाली ठेवू नये, बस्स."

स्नेहलला तो दिवस आठवला. हर्षाच्याच घरी, चहा पिता पिता, सगळ्या आयांनी आपापल्या पाटीला हेच सांगितलं होतं. आधी एकीनं सांगितलं, बाकीच्यांनी हसत तेच पुन्हा म्हटलं. पोरांच्या वाचनाबद्दल एवढीच तर इच्छा होती त्यांची.

"मी ती अपेक्षा मागे घेते. बदला."

"अवश्य. वाचन मध्येच आहे, तेव्हा वाचणाऱ्याची संमती लागेल. एकट्याच्या वाचनात मोठ्यांनी ढवळाढवळ करू नये, हा तुमच्याच गटाचा नियम आम्ही मानतो."

स्नेहल चिडून पाटी आपटणारच होती. पण खाली ठेवणार नाही असं तिनं पोरीला कबूल केलं होतं. निदान काय आहे ते तरी बघू, म्हणून तिनं दोन ओळी वाचल्या.

खाण होती, पण कुमुद नव्हती. खाणीच्या तोंडाशी एक बाई उभी होती, हातात दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला, खाली काळोखात, तिची मुलगी होती. दोर हळूहळू वर येत होता. बाईचे तळहात सोलवटले होते. मुलगी खालून म्हणाली, आई, मला तुझा चेहरा दिसतो, तू फक्त इकडे बघत राहा. दोन हात वर आली. एक हात घसरली. परत दोन हात...

कुणीतरी तिच्या हातातून पाटी हिसकली.

"आई! आई गं!"

शाल्मली समोर उभी होती. केस सुकलेले, वेणी घातलेली. वेणी तिची तिनंच घातली होती, वाकडीतिकडी. घरभर करपलेल्या दुधाचा वास होता आणि भांड्याचं बूड काळं पडलं होतं. भिंतीवरची उन्हाची पट्टी देव्हाऱ्यापासून पार दारापर्यंत सरकली होती.

"मी कितीदा हाका मारल्या," शाल्मली म्हणाली. तिचे डोळे पुन्हा पाटीवर गेलेले होते. "तू बघतच नव्हतीस."

स्नेहलनं गॅस बंद केला.  मी तर दोन ओळी वाचल्या, असं ती स्वतःला सांगत राहिली. वासानंसुद्धा जाग येऊ नये? आणि ही पोर गेले कित्येक दिवस तिथे एकटी होती.

बंद करणं सोपं होतं. एक बटण. पण मग कुमुद अंधारात मरणार, आणि ती आपल्यामुळे मेली हे मनात घेऊन ही पोर मोठी होणार. कुमुद खरी नाही हे दहा वर्षांच्या जिवाला समजावता आलं असतं. पण पिल्लावर रुमाल पांघरणाऱ्या जिवाला नाही. आणि बंद नाही केलं, तर रविवारपर्यंत हे डोळे असेच उघडे राहणार. आणि रविवारनंतरही.

"शालू, ऐक. तुझ्या मांडणीत शेवट बदलायचा असतो ना?"

"हं."

"मग तू शेवट लिही. कागदावर. कुमुदला बाहेर काढ."

"तो खोटा शेवट होईल. ती तर इथे आहे."

"इथे ती कशानं चालते?"

शाल्मलीनं जरा विचार केला. "माझ्या डोळ्यांनी."

"आणि खोक्यातली?"

"ती हातांनी केलीय मी."

"मग हातांनीच बाहेर काढ. डोळ्यांनी निघत नाहीये ना ती? पाटीला शेवटच करायचा नाही, बाळा. तुला करता येतो. तिला नाही."

बराच वेळ शाल्मली वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण मी लिहीपर्यंत दिवा विझला तर?"

स्नेहलला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तिनं पदराला हात पुसले. शाल्मलीचे बाबा गोंदियाला, शनिवारी येणार. हर्षाला बोलवावं तर भोंग्यानंतर रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नाही. घरात डोळ्यांची दुसरी एकच जोडी होती.

"तोवर मी बघते."

"मघासारखी?"

"मघासारखी. म्हणून तर तुला सांगते. तुझं झालं ना, की हाका मारत बसू नकोस. सरळ ओढून घे. मी सोडली नाही तर चाव हाताला."

"तुला चावू?"

"करकचून. लहानपणी चावायचीस की. आता लाजतेस होय?"

शाल्मली हसली. कित्येक दिवसांनी. वरचा एक सुळा अर्धा आलेला होता. तो केव्हा आला हे स्नेहलला कळलंच नव्हतं.

पोरीनं कात्री, पुठ्ठा, डिंक असं सगळं खोक्यापाशी मांडलं. खाणीच्या मागच्या भिंतीला दार कापायचं आणि पलीकडे नदी करायची, हे तिनं जाहीर केलं. पिल्लाचं काय करायचं ते मग ठरवू, म्हणाली. आणि तिनं पाटी आईकडे दिली.

स्नेहल भिंतीला टेकून बसली. तिनं पाटीवर नजर टाकली.

दोर हातात होता. मुलगी खाली होती. पण या वेळी स्नेहल सावध होती. कात्रीची करकर तिनं एका कानानं धरून ठेवली. करकर थांबली. पुठ्ठा फाटला. कुणीतरी पुटपुटत लिहीत होतं, 'मग कुमुदला गार वारा लागला.' दोर हलका होत होता. मुलीचे केस दिसले, मग वाकडीतिकडी वेणी. डिंकाचा वास आला.

"आई, कुमुद बाहेर आली! बघ!"

शाल्मलीनं आईच्या हातातून पाटी ओढून घेतली. तिनं ती दुमडून कपाटात टाकली आणि खिडकी उघडली. ऊन उतरलं होतं. हर्षाच्या गल्लीतून पोरांचा गलका ऐकू येत होता, त्यात गार्गीचाही आवाज होता. शाल्मलीनं डोळे मिटले, चांगले घट्ट, आणि ती आईच्या मांडीवर झोपली. स्नेहलला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. पोरीच्या केसांतून फिरवायला ती हात उचलू लागली.

हात उचलला गेला नाही.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. खिडकी तिनं पाहिली नव्हती. वाचली होती.

बोटं दुखत होती. मनगटापाशी काहीतरी टोचत होतं, बारीक, अर्धवट आलेल्या दातासारखं. पलीकडून कुणीतरी सगळं बळ लावून ओढत होतं. सोडायला हवं, एवढं तिला कळत होतं. पण मांडीवर पोर आत्ताच कुठे झोपली होती, तिचे डोळे मिटले होते, आणि पुढची ओळ येतच होती. ती अर्ध्यात सोडून कशी उठायची?