वारंगुळ्यातला कॅमेरा

नारायणगावात भगवंतकाकांच्या फोटोच्या दुकानात प्रज्ञाने तो काळा, मुठीएवढा कॅमेरा उचलायला हात पुढे केला, आणि नेमका त्याच वेळी पलीकडून एक उन्हाने रापलेला रुंद हातही पुढे आला. क्षणभर दोन्ही हात कॅमेऱ्यावर... आणि लगेच चटका बसल्यासारखे दोन्ही मागे.

"घ्या ना, तुमी बघा आधी," तो म्हणाला.

"नाय, तुमी बघा. मी काय... नुसती बघतीये."

"मीबी नुसताच बघतोय. सकाळधरनं."

काउंटरमागे भगवंतकाका हसले. "दोघंबी नुसतंच बघा. नग एकच राह्यलाय."

प्रज्ञा येडगावची. बेल्ह्याच्या बाजारात तिच्या आत्याचं, ठकूबाईचं, बांगड्यांचं दुकान लागायचं. आत्याला मदत करायला ती जायची आणि तिथेच बायका तिला विचारायच्या, पोरी, आमच्याकडं हळदीचे फोटो काढशील का? घरातल्या आतल्या खोलीत, बायकांच्या घोळक्यात परका फोटोग्राफर नको वाटायचा. प्रज्ञाने चुलत्याचा जुना रोलचा कॅमेरा घेऊन दोन-चार हळदी केल्याही होत्या. पण त्या वर्षांत भारनियमन असं, की संध्याकाळी गावात वीज म्हणून नसायची. कंदिलाच्या उजेडात नवरी सोन्यासारखी दिसायची आणि फ्लॅश मारला की तोंडाला पीठ फासल्यासारखी. हळदीचा पिवळा रंगच उडून जायचा.

"मला कंदिलाच्या उजेडात बघणारा कॅमेरा पायजे, काका. फ्लॅशबिगर."

"अन् मला पळता बैल धरणारा," तो मधेच म्हणाला. "फ्लॅश मलाबी नको. शर्यतीच्या घाटात फ्लॅश मारला की बैल बुजत्यात. मागल्या जत्रंत एकानं मारला, लोकांनी त्यालाच पळवला."

त्याचं नाव राजरत्न. कळंबचा. स्वतःचा टेम्पो चालवायचा आणि बैलगाड्यांच्या शर्यती जिथे असतील तिथे हजर. गाडामालकांना आपल्या बैलांचे फोटो हवे असत. मित्राच्या स्वस्तातल्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्याने हात मारून पाहिला होता.

"बटण दाबलं की त्यो आधी इचार करतो. त्याचा इचार हुईस्तवर गाडा निशाणापार. फोटोत काय? धुरळा. अन् धुरळ्यात एक पंच, टोपी सावरताना."

प्रज्ञा खुदकन हसली. तिला हसताना पाहून तो पुढचं बोलणं विसरला.

भगवंतकाकांनी काचेवर तीन कॅमेरे मांडले. "मेगापिक्सलच्या आकड्याला भुलू नका. तुमाला काय भिंतीएवढे फोटो काढायचे न्हाईत. हे बघा, भिंगाचं तोंड जेवढं मोठं उघडंल तेवढा उजेड आत. अन् बटण अर्धं दाबून धरलं की ह्यो आधीच नेम धरून बसतो. बाकीचं दाबलं की लगीच फोटो. हे दोन स्वस्त, पण ह्यांना ना अंधार झेपत ना पळापळ. ह्यो तिसरा, काळा, दोन्ही करतो. पण..."

किंमत ऐकून दोघांचीही तोंडं उतरली. प्रज्ञाने चोरून त्याच्याकडे पाहिलं, तर तो तिच्याकडेच बघत होता.

"निम्मंच हाय," तो ओशाळून म्हणाला.

"माझ्याकडंबी," ती म्हणाली. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. "वारंगुळा करायचा का?"

ज्याच्या गोठ्यात एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी जोड जमवतो आणि दोघांची शेतं आळीपाळीने नांगरली जातात. त्याला तिकडे वारंगुळा म्हणतात. बैलांचा वारंगुळा सगळ्यांना ठाऊक. कॅमेऱ्याचा कुणी ऐकला नव्हता.

"ओळख न पाळख अन् वारंगुळा?" काकांनी डोळे मोठे केले.

"ओळख व्हईल की," राजरत्न म्हणाला. "ह्या ता..." त्याच्या तोंडी ताई हा शब्द आला होता. तो अर्ध्यावरच गिळून तो म्हणाला, "ह्या म्हणत्यात तर माझी ना न्हाई."

तो गिळलेला शब्द प्रज्ञाच्या बरोबर ध्यानात आला.

मग ठरलं. दर बाजाराला बेल्ह्यात, आत्याच्या बांगड्यांच्या दुकानापाशी कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात जायचा. एक आठवडा कळंबला, एक आठवडा येडगावला. राजरत्न व्यापाऱ्यांची जनावरं टेम्पोत घालून बाजाराला यायचाच. जनावरं उतरवली की हातपाय धुऊन, केसांना पाणी लावून तो बांगड्यांच्या रांगेत शिरायचा.

"आलं बघ तुझं गिऱ्हाईक," ठकूबाई म्हणायची. "बांगडी एक घेत न्हाई अन् दुकानाम्होरनं हलत न्हाई."

कार्डावरचे फोटो धुऊन झाले की पुसून टाकायचे, असं ठरलं होतं. पण पुसता पुसता एखादा राहून जायचा... की राखला जायचा? प्रज्ञाला बैलांच्या फोटोंनंतर एकदा सापडलं रस्त्याकडेचं सावरीचं झाड, सगळं लाल. एकदा टेम्पोच्या आरशात अर्धा चेहरा. तिनेही मग एक ठेवला. विहारात बुद्धरूपापुढे लावलेली मेणबत्ती आणि भिंतीवर वेणी घातलेली एक सावली.

पुढच्या बाजाराला तो म्हणाला, "सावली कुणाची व्हती?"

"आसंल कुणाची तरी."

"सावली झकास आली. माणूस कधी यायचं फोटोत?"

"काढून बघा की."

त्याने खरंच कॅमेरा उचलला. दिवेलागणीची वेळ, आत्या बत्ती पेटवत होती. प्रज्ञाने तोंड फिरवलं, हसली, पदराआड गेली, पुन्हा डोकावली. त्याने दोनदा, तीनदा बटण दाबलं.

"तुमचा फोटो लई अवघड," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "उजेड कमी, अन् माणूस एका जागी थांबंना."

"मग त्याच्यासाठीच घेतलाय ना कॅमेरा?"

असं गोडीत चाललं होतं, आणि मग ती जत्रा आली. आदल्या हळदीला प्रज्ञाने कॅमेरा मंद उजेडासाठी लावला होता. भिंगाची झडप बराच वेळ उघडी राहील असा. देताना तो पुन्हा सरळ करायचं ती विसरली. राजरत्नाने भर उन्हात, पडद्यावर काही दिसत नसताना, अख्ख्या जत्रेचे गाडे टिपले. एकेक मालकाला छाती ठोकून सांगितलं. आणि कार्डावर निघाल्या नुसत्या पांढऱ्या रेघा. बैल नाही, गाड्यापुढे पळणारी घोडी नाही, गाडीवान नाही.

बाजारात तो तांबडालाल होऊन आला. "बैलं म्हंजी काय नवऱ्या हायेत का, हळूहळू चालायला? चार गावांत तोंड दाखवायची सोय न्हाई राह्यली माझी!"

"अन् तुमाला बघून घ्यायला काय झालं व्हतं? दिला तसा घाटात घेऊन गेला?"

"विश्वास ठेवला!"

प्रज्ञाने त्याच्या हातून कॅमेरा घेतला आणि झडप सरळ केली.  मग हळूच म्हणाली, "पुढची जत्रा कधी हाय? मी येते. लावून देते."

ती आली. आत्याला घेऊन आली. घाटाच्या कडेला, लोकांच्या कोलाहलात, तिन्हीसांजेच्या शेवटच्या बाऱ्या सुटायच्या होत्या. बारी म्हणजे एका गाड्याची एक धाव. ऊन डोंगरामागे गेलं होतं. एवढ्या उजेडात पळता बैल धरणं राजरत्नाला आजवर जमलं नव्हतं. प्रज्ञाने कॅमेरा जेवढा उजेड पिईल तेवढा लावला, आणि त्याच्या हातात देऊ लागली.

"तुमीच धरा," तो म्हणाला. "उजेड तुमाला कळतो. बैल मला कळत्यात. अर्धं बटण दाबून ठिवा. अन् गाड्याबरोबर कॅमेरा फिरवत ऱ्हावा, नजर फिरवल्यासारखा. मी सांगंन तवा दाबायचं."

वर गाडा सुटला. माणसांची आरोळी उठली. घोडी पुढे, मागे बैल, धुरळा... तिला काहीच दिसेना. तिच्या खांद्यापाशी त्याचा श्वास, आणि कानाशी त्याचा आवाज, "थांबा... थांबा... आता!"

तिने दाबलं.

छोट्या पडद्यावर दोघांनी डोकी जवळ आणून पाहिलं. धुरळा मागे ओढल्यासारखा पसरलेला, आणि त्यापुढे दोन बैल, पाय जमिनीवरून सुटलेले, डोळ्यातली चमकसुद्धा स्वच्छ. कितीतरी वेळ कुणी डोकं मागे घेतलं नाही.

"झालं का बघून?" ठकूबाई म्हणाली. "का मी बी डोकं घालू मधी?"

तो फोटो गाडामालकाने मोठा करून घरात लावला. राजरत्नाची चार गावांत मान वर झाली. आणि त्याच आठवड्यात येडगावला भोसरीचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत, खोली स्वतःची. रविवारी बघायला येणार.

प्रज्ञाचे वडील चांगदेव कालव्यावर पाटकरी होते. सगळी हयात शेतकऱ्यांना पाण्याचे वाटे करून देण्यात गेलेली. वाट्याचं त्यांना पक्कं कळे. "पोरी, सासरी जाताना अर्धा कॅमेरा मागं ठेवून जाता येत न्हाई," ते म्हणाले. "वारंगुळा मोड. रीत तुला ठाऊक हाय. ज्याला मोडायचंय त्यानं भाव सांगायचा. दुसऱ्यानं ठरवायचं, त्या भावाला घ्यायचं का द्यायचं."

त्या बाजाराला ती दुकानामागे कडुनिंबाखाली उभी राहिली. राजरत्न आला, आणि तिचं तोंड बघूनच त्याचं हसू मावळलं. तिने सगळं सांगितलं. स्थळ, रविवार, बाबांचं म्हणणं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बरं. मग... सांगा भाव."

 पलीकडे बैल हंबरत होते, व्यापारी ओरडत होते. प्रज्ञाने कॅमेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. आज भाव सांगितला तर पुढच्या बाजाराला ह्या झाडाखाली कुणीच यायचं नव्हतं.

"सांगा ना. जो म्हनाल त्यो."

"सांगता येत न्हाई."

"का?"

"ज्याला मोडायचंय त्यानं सांगायचा आसतो." तिने मान वर केली. "मला मोडायचंच न्हाई."

त्याने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिला वाटलं, आपण बोलून बसलो आणि आता... आता परत कसं घ्यायचं?

"म्हंजी... कॅमेऱ्याचं म्हनताय?" त्याने घाबरत विचारलं.

"सगळं उलगडून सांगायला तुमी काय पयलीतले हाय का?"

मग त्याचं हसू असं फुटलं, की दुकानातून ठकूबाईने मान वळवून पाहिलं. "आई घरी हाय," तो भराभर म्हणाला. "उद्याच आणतो. कधी येऊ? सकाळी का... का आत्ताच जाऊ?"

"आधी व्यापाऱ्यांची जनावरं पोचवा."

दुसऱ्या दिवशी टेम्पो येडगावात चांगदेवांच्या दारात उभा राहिला. राजरत्नाची आई जानकाबाई नवं लुगडं नेसून खाली उतरली. "जयभीम, भाऊ." चांगदेवांनी जयभीम घातला, दोघांना खाटेवर बसवलं, आणि मुलीकडे वळले.

"काय ठरलं? घेतला का दिला?"

"दोन्ही न्हाई, बाबा," प्रज्ञा दाराला टेकून म्हणाली. "वाटेकरीच घरी आणलाय."

चांगदेवांनी राजरत्नाला नखशिखांत पाहिलं. "टेम्पोचे हप्ते फिटले का?"

"फिटले."

"दारू?"

"न्हाई."

"पोरीनं फोटो काढायचं सोडायचं का?"

"सोडलं तर माझे बैल कोण धरंल?" राजरत्न बोलून गेला, आणि जीभ चावली.

जानकाबाई खळखळून हसली. चांगदेव हसले नाहीत, पण उठून कोपऱ्यातल्या फोनकडे गेले. "भोसरीकरांना काय सांगू?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"खरं ते सांगा," प्रज्ञा म्हणाली.

"मग दिली म्हणून सांगतो," चांगदेव म्हणाले आणि नंबर फिरवू लागले.

ओट्यावर आल्यावर राजरत्न हळूच म्हणाला, "मग आता कॅमेरा कुणाकडं ऱ्हाणार?"

"लगीन हुईपर्यंत माझ्याकडं."

"अन् मधल्या जत्रा?"

"मधल्या जत्रंला मी येते की," ती म्हणाली. "आत्याला न घेता."