मिशमिश सापडू नये म्हणून

दार उघडलं, तर समोर वरच्या मजल्यावरचा वदीह. हातात उशीचा रिकामा अभ्रा.

"घाबरू नका हं," तो म्हणाला. "माझा साप... बहुतेक तुमच्या घरात आलाय."

"बहुतेक?"

"न्हाणीघरात पाइपच्या भोकातून खाली जाताना शेपटी दिसली. मिशमिश नाव त्याचं. जर्दाळूसारखा रंग म्हणून ठेवलं. विषारी नाही. माझ्याहून गरीब आहे स्वभावानं."

"तुमचा स्वभाव मला कुठं ठाऊक आहे?"

"म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवा म्हणतोय!"

मी हसले, आणि तिथंच माझा घात झाला.

पण माझ्या घरात साप शोधायचा म्हणजे काय चेष्टा होती? बैरूत सोडून जाणारा प्रत्येक जण काही ना काही माझ्याकडे ठेवून गेला होता. बहिणीचा पियानो, मैत्रिणीच्या कुंड्या, मामेभावाची पुस्तकांची खोकी. "दोन वर्षांत येतेच गं, जुमाना!" असं म्हणत सगळे गेले. आलं कुणीच नाही. मीही विचारणं सोडून दिलं होतं.

रोज संध्याकाळी जनरेटर सुरू झाला की वदीह यायचा. एकेक खोकं हलवायचं, मागे टॉर्च मारायची, पुन्हा जागेवर ठेवायचं. मग कॉफी. माझा रिकामा कप बशीत पालथा घालून तो उरलेल्या गाळात माझं नशीब बघायचा.

"साप दिसतोय तुझ्या कपात," एकदा म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं होतं, कळलंही नाही.

"मग पकड की!"

"पकडला तर उद्या कुठल्या निमित्तानं येऊ?"

माझे कान तापले. मी उगाच कप विसळायला उठले... पाणी बर्फासारखं गार होतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांचं खोकं उचलताना, माझ्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, "शुक्रवारी विमान आहे माझं. मॉन्ट्रियलला नोकरी लागलीय."

हे वाक्य मला पाठ होतं, फक्त ते त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. त्यानंतर मी साप शोधायचं नुसतं नाटक केलं. सापडू नये, सापडू नये, असं मनात घोकत होते. जसं काही एका सापासाठी विमान थांबणारच होतं!

गुरुवारी विजेसोबत जनरेटरही बंद पडला आणि घर गारठलं. पियानोमागचा इन्व्हर्टर बघायला मी पियानोवरची चादर वर केली, तर इन्व्हर्टरच्या उबदार पाठीवर मिशमिश वेटोळं घालून पडलेला. निवांत. चादर पुन्हा सोडून द्यावी, असं फार वाटलं. पण बिचारा वदीह रोज मिशमिशशिवाय तोंड पाडून वर जायचा, तेही बघवत नव्हतं.

"वदीह!" मी जिन्यातून हाक मारली. "सापडला!"

त्यानं अलगद मिशमिशला अभ्र्यात घातलं, गाठ मारली आणि तसाच उभा राहिला.

"ठेवशील याला? दोन वर्षांत मी —"

"पुढचं बोलू नकोस."

"सगळ्यांचं ठेवलंस की गं."

"त्यांची वाट बघणं मला सोडता आलं. तुझी नाही सोडता येणार. आवडतोस तू मला... म्हणून तुझं काही नको."

त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "एकदा थांब म्हण ना."

"म्हटलं तर थांबशील?"

"नाही." त्यानं मान खाली घातली. "बाबांची औषधं, घर... सगळं माझ्यावर आहे. पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"मग ऐक. थांब, वदीह."

त्यानं माझा हात कपाळाला लावला. तसाच धरून ठेवला थोडा वेळ... मग सोडला. "याला जिथून आणला त्या दुकानदाराकडे देतो मी," एवढंच पुटपुटला आणि निघाला.

जिन्यात मिट्ट काळोख होता. अभ्रा छातीशी धरून तो चाचपडत वर चढू लागला. पडेल, असं वाटलं मला. मी मोबाइलचा उजेड लावून हात उंच केला. वळणावर तो थबकला, पण मागे बघितलं नाही त्यानं.

त्याचं दार लागेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.